टोकनाची मुदत आणि त्याचे नूतनीकरण



ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात, तालुक्याच्या मामलेदार कचेरीत किंवा एखाद्या शाळेच्या कार्यालयात संगणकावर अर्ज भरण्याचे काम चाललेले असते. अर्जदार समोरच्या बाकावर बसलेला असतो. नाव, गाव, सर्व्हे क्रमांक, बँकेचे खाते, उत्पन्नाचा तपशील असा एकेक रकाना भरत लिपिक शेवटच्या पानावर येतो, 'सादर करा' हे बटण दाबतो आणि पडद्यावर वाक्य उमटते : 'आपल्या सत्राची मुदत संपली आहे. कृपया पुन्हा प्रवेश करावा.' पाऊण तासाची मेहनत वाया जाते. 'सर्व्हर पडला' असे सांगून लिपिक मोकळा होतो आणि त्या दिवसाचा रोजगार आधीच बुडालेला अर्जदार दुसऱ्या दिवशी परत येण्यासाठी उठतो.

वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगी सर्व्हर पडलेला नसतो. यंत्र व्यवस्थित चालू असते, तारही जागच्या जागी असते. झालेले एवढेच असते, की लिपिकाच्या नावाने संगणकाने काढलेल्या एका परवान्याची मुदत संपली आणि ज्याने तो वेळेवर नवा करून घ्यायचा त्याने ते काम केले नाही. या परवान्याला संगणकाच्या व्यवहारात 'टोकन' म्हणतात. हे टोकन म्हणजे काय, त्याला मुदत का घातली जाते, आणि एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्या संस्थेचे पान बसवलेले असेल तर त्या टोकनाचे नूतनीकरण कोणी, केव्हा व कसे करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय तांत्रिक खरा. परंतु त्याचा निकाल खिडकीपाशी लागतो, म्हणून तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

बँकेत धनादेश दिला की खिडकीवरून क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला मिळत असे, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. रोखपाल चेहरा पाहून पैसे देत नसे; बिल्ला पाहून देत असे. त्यामुळे बिल्ला हरवला तर धावाधाव होई. संगणकातील टोकन पुष्कळसे याच जातीचे आहे. मनुष्य सकाळी एकदा आपले नाव व परवलीचा शब्द सांगतो, बहुधा भ्रमणध्वनीवर आलेला एक वेळचा संकेतांकही भरतो. त्यानंतर प्रत्येक पानावर हाच सोपस्कार करावा लागू नये म्हणून त्याच्या संगणकाला एक टोकन दिले जाते. पुढची प्रत्येक विनंती हे टोकन दाखवून केली जाते आणि सर्व्हर माणसाला नव्हे, टोकनाला ओळखतो. सामान्यतः ज्याच्या हाती टोकन त्याचाच व्यवहार. चोराच्या हाती ते गेले तर चोराचाही.

मुदतीचे मूळ येथे आहे. चोरी कधीच होणार नाही असे कोणालाही सांगता येत नाही. झाली तर तिचा उपयोग किती वेळ व्हावा, एवढेच ठरवता येते.

हा विचार अलीकडचा नाही. १९७८ साली रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी जाळ्यात जोडलेल्या संगणकांनी एकमेकांची ओळख कशी पटवावी, याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ती मोठी मान्यता पावली. पण १९८१ मध्ये डोरोथी डेनिंग व जिओव्हानी साको यांनी तिच्यातील एक उणीव दाखवून दिली : दोघांतील संभाषणाची एखादी जुनी किल्ली चोराच्या हाती लागली, तर तो जुनाच संदेश पुन्हा पाठवून आपण खरे असल्याचे भासवू शकतो, कारण संदेश आजचा की गेल्या वर्षीचा हे ताडण्याचे साधनच त्या पद्धतीत नव्हते. त्यांनी सुचविलेला उपाय साधा होता. प्रत्येक संदेशावर वेळेचा शिक्का असावा.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ साली 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी ठिकठिकाणी सामायिक संगणक ठेवण्यात आले. आज एक विद्यार्थी, तासाभराने दुसरा. म्हणजे आपल्याकडील सेवा केंद्रासारखीच स्थिती. तेथे ओळख पटविण्यासाठी जी व्यवस्था बांधली गेली तिला ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्यावरून 'कर्बेरोस' हे नाव मिळाले. सकाळी परवलीचा शब्द दिला की तिकीट मिळे, त्याची मुदत सुमारे आठ तासांची असे, आणि काम संपवून उठताना तिकीट नष्ट करण्याची सोयही होती. या व्यवस्थेच्या चौथ्या आवृत्तीत मुदत पाच-पाच मिनिटांच्या मापाने मोजून एका लहानशा रकान्यात लिहिली जाई आणि त्या रकान्यात २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नसे. म्हणजे कोणतेही तिकीट एकवीस तास पंधरा मिनिटांपेक्षा अधिक जगत नसे. रात्रंदिवस चालणारी गणिते ज्यांच्या संगणकावर होती त्यांची यामुळे पंचाईत होई. १९९३ साली जाहीर झालेल्या पाचव्या आवृत्तीच्या मानकात म्हणूनच तिकिटावर दोन मुदती आल्या : एक जवळची, जिच्या आत तिकीट नवे करून घ्यायचे, आणि एक दूरची, जिच्यानंतर कितीही विनवले तरी नूतनीकरण नाही, परवलीचा शब्द पुन्हा द्यावाच लागेल. आजची सारी नूतनीकरण-पद्धती या दोन मुदतींच्या कल्पनेवर उभी आहे. नावे बदलली, एवढेच.

आजच्या महाजालावर ही कल्पना 'ओऑथ' या मानकाने आणली. त्याची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी एखाद्या संकेतस्थळाला माणसाच्या ई-पत्रव्यवहारातील पत्ते हवे असले, तर ते सरळ त्याच्या पत्रपेटीचा परवलीचा शब्दच मागत असे, आणि लोक तो देतही असत. घरातून एक कागद आणण्यासाठी शेजाऱ्याला अख्ख्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा देण्याचाच हा प्रकार होता. ओऑथमध्ये जुडगा हातचा सुटत नाही. ठरावीक कामापुरते, ठरावीक मुदतीचे टोकन दिले जाते. आपल्या देशात २०१५ साली सुरू झालेली डिजिलॉकर ही शासकीय सेवा याच मानकाचा उपयोग करते. एखाद्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाला विद्यार्थ्याची गुणपत्रिका डिजिलॉकरमधून हवी असेल, तर विद्यार्थी डिजिलॉकरच्याच पानावर जाऊन संमती देतो आणि विद्यापीठाच्या हाती पडते ते टोकन. विद्यार्थ्याचा गुप्त शब्द नव्हे.

या पद्धतीत टोकने दोन असतात. पहिले 'प्रवेश-टोकन'. ते प्रत्येक विनंतीबरोबर पाठवायचे असल्याने अनेक हातांतून जाते. म्हणून त्याचे आयुष्य अल्प, काही मिनिटांपासून साधारण तासाभरापर्यंत. दुसरे 'नूतनीकरण-टोकन'. ते कोणत्याही कामाच्या खिडकीवर दाखवायचे नसते. ज्या कचेरीने ते दिले तिच्याकडेच न्यायचे आणि त्याच्या बदल्यात नवे प्रवेश-टोकन आणायचे. ते क्वचित बाहेर पडते, म्हणून दीर्घायुषी असते. आणि दीर्घायुषी असल्यामुळेच अधिक जपावे लागते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ओळख-सेवेत प्रवेश-टोकनाची मुदत साठ ते नव्वद मिनिटांच्या दरम्यान मुद्दाम कमी-अधिक ठेवली जाते. सर्वांची मुदत नेमकी एक तास ठेवली, तर तासाच्या ठोक्याला सारे नूतनीकरणासाठी एकदम दारात उभे राहतील. महिन्याच्या पहिल्या तारखेला रास्त भावाच्या दुकानापुढे लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील शहाणपण सांगावे लागणार नाही.

प्रवेश-टोकन बहुधा 'जेडब्ल्यूटी' या नमुन्यात असते. मे २०१५ मध्ये या नमुन्याचे मानक निघाले. टिंबांनी विभागलेले तीन भाग : पहिल्यात स्वाक्षरीची पद्धत, दुसऱ्यात धारकाचा तपशील व मुदत, तिसऱ्यात स्वाक्षरी. मुदत लिहिण्याची रीत चमत्कारिक आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे, किती सेकंद झाले असता हे टोकन मरेल तो आकडा त्यात असतो. स्वाक्षरीमुळे मजकुरात फेरफार केल्यास तो उघडकीस येतो. मात्र नेहमीच्या रूपात हा मजकूर गुप्त नसतो. टोकन हाती आलेल्या कोणालाही तो वाचता येतो. म्हणून टोकनात आधार क्रमांक किंवा आजाराचा तपशील घालणे म्हणजे तो उघड्या पोस्टकार्डावर लिहिणे होय. आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही एक बाब आवर्जून विचारावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आज कोणत्याही खात्याचे संकेतस्थळ एकाच हाताने बांधलेले नसते. पानाचा बाहेरचा भाग खात्याचा असतो. मधला नकाशा दुसऱ्या संस्थेचा, आलेख व तक्ते तिसऱ्या कंपनीच्या सेवेतून आलेले. पानात एक चौकट आखली जाते आणि त्या चौकटीत परक्याचे पान बसविले जाते. पाहणाऱ्याला एकच पान दिसते. ब्राउझरच्या लेखी मात्र ती दोन स्वतंत्र घरे असतात आणि मधल्या भिंतीतून एकाला दुसऱ्याचे काही वाचता येत नाही. ही भिंत आवश्यक आहे. ती नसती, तर कोणत्याही भुरट्या संकेतस्थळाने बँकेचे पान आपल्या चौकटीत बसवून खातेदाराची शिल्लक वाचली असती.

चौकटीतील पानाला काम करण्यासाठी टोकन लागते आणि ते बाहेरचे पान त्याला पुरविते. सुरुवातीला हे बिनबोभाट होते. तासाभराने टोकन मरते. आतले पान घाबरून ओळख पटविण्याच्या पानाकडे धावते आणि ते पान त्याच चौकटीत उघडू पाहते. येथे सर्वांत अनाकलनीय वाटणारी घटना घडते : चौकट कोरी पडते. कारण असे, की परवलीचा शब्द विचारणारी जबाबदार पाने दुसऱ्याच्या चौकटीत उघडण्यास नकार देतात. पारदर्शक चौकट वर ठेवून माणसाकडून भलतेच बटण दाबून घेण्याची एक लबाडी आहे. रॉबर्ट हॅन्सन व जेरेमाया ग्रॉसमन यांनी २००८ साली ती चव्हाट्यावर आणली, आणि तेव्हापासून असा नकार देणे हे सावधगिरीचे लक्षण मानले जाते. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर वागत असतो आणि लिपिकापुढे कोरी पाटी येते.

याला एक पळवाट पुष्कळ वर्षे चालली. पानात डोळ्यांना न दिसणारी एक चौकट उघडायची, तिच्यातून ओळख-सेवेकडे गुपचूप विचारणा करायची आणि माणसाला काहीही न विचारता नवे टोकन आणायचे. ही युक्ती 'कुकी' नावाच्या खुणेवर अवलंबून होती. ओळख-सेवेने माणसाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली आपली खूण तिला परक्याच्या पानातूनही दिसली पाहिजे, तरच तिला धारक ओळखू येणार. परंतु हीच सवलत वापरून जाहिरातदार माणसाचा संकेतस्थळोसंकेतस्थळी माग काढू लागले होते. मार्च २०२० मध्ये ॲपल कंपनीच्या सफारी ब्राउझरने परक्या पानातील सर्व कुकी बंद केल्या. जून २०२२ पासून फायरफॉक्सने प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकींना वेगळ्या कप्प्यात कोंडणे ही नेहमीची रीत केली. गूगलच्या क्रोमनेही २०२० मध्ये तसा संकल्प सोडला होता. पण २०२४ मध्ये त्याने तो मागे घेतला. परिणामी एकच पान एका यंत्रावर दिवसभर चालते आणि दुसऱ्यावर तासाने बंद पडते. 'माझ्याकडे तर चालते' असे तंत्रज्ञ म्हणतो आणि 'माझ्याकडे चालत नाही' असे मुख्याध्यापक म्हणतात. दोघेही खरेच बोलत असतात.

तेव्हा नूतनीकरणाची जबाबदारी आतल्या पानावर टाकू नये, ती बाहेरच्या पानाने घ्यावी, हाच आज टिकणारा मार्ग आहे. घरमालकाकडे दाराची किल्ली असते. भाडेकरूने मागावी, मालकाने द्यावी. खात्याचा स्वतःचा सर्व्हर नूतनीकरण-टोकन आपल्याजवळ ठेवतो आणि ते ब्राउझरपर्यंत येऊच देत नाही. मुदत संपण्यापूर्वी तो नवे प्रवेश-टोकन मिळवितो आणि बाहेरचे पान ते आतल्या पानाला देते. दोन घरांमधील भिंतीत ब्राउझरने चिठ्ठी देण्यापुरता एक झरोका ठेवलेला आहे. त्यातून हा व्यवहार होतो. मात्र चिठ्ठी कोणाकडून आली आणि कोणाकडे जात आहे हे दोन्ही बाजूंनी तपासलेच पाहिजे. पत्ता न पाहता झरोक्यातून टोकन टाकणारी पाने आजही आढळतात, आणि ते निव्वळ आळसाचे लक्षण आहे.

या पद्धतीची दोन प्रत्यक्ष उदाहरणे देता येतात. मायक्रोसॉफ्टची 'पॉवर बीआय' ही तक्ते व आलेख दाखविणारी सेवा दुसऱ्याच्या पानात बसविता येते. तिच्यात बाहेरच्या पानाने नवे टोकन दिले की आतला अहवाल पुन्हा उघडावा लागत नाही; निवडलेला तालुका, लावलेली गाळणी, सारे जागच्या जागी राहते. दुसरे उदाहरण व्यापाराचे. 'शॉपिफाय' या कॅनडातील कंपनीच्या दुकानदारांच्या पानात इतर कंपन्यांची उपयोजने चौकटीत बसतात. तेथे चौकटीला मिळणाऱ्या टोकनाची मुदत अवघी एक मिनिट असते. आतल्या उपयोजनाने ते साठवून ठेवायचेच नाही. प्रत्येक विनंतीपूर्वी ताजे मागून घ्यायचे. इतकी अल्प मुदत ऐकून आश्चर्य वाटेल. पण मागणे सोपे व जलद असेल तर मिनिटाची मुदतही वापरणाऱ्याला जाणवत नाही. जाच मुदतीचा नसतो, बिघडलेल्या नूतनीकरणाचा असतो.

हे ध्यानात न घेता पुष्कळ ठिकाणी सोपा उपाय केला जातो : मुदतच वाढवून टाका. तासाऐवजी आठ दिवस. तक्रारी थांबतात, कंत्राटदाराचे देयक मंजूर होते. पण ज्या केंद्रातील संगणकावर सकाळी एक व दुपारी दुसरा लिपिक बसतो, जेथे नागरिकही स्वतः येऊन एक-चौदाचा उतारा काढतो, तेथे आठ दिवसांचे टोकन मागे राहणे म्हणजे रजेवर जाताना सही-शिक्का टेबलावर ठेवून जाणे आहे. कोणी गैरवापर केला, तर नोंदीत नाव त्या लिपिकाचेच येणार. चौकशीला उत्तर त्यानेच द्यावे लागणार. अथेना प्रकल्पातील विद्यार्थ्यांना उठताना तिकीट नष्ट करावे लागे, ते उगाच नव्हते. 'बाहेर पडा' हे बटण दाबले असता ब्राउझरमधील खूण पुसली जाणे पुरेसे नाही. सर्व्हरवरील नूतनीकरण-टोकनही रद्द झाले पाहिजे. त्यासाठीचे मानक २०१३ सालापासून उपलब्ध आहे.

नूतनीकरण-टोकनाच्या चोरीवर आणखी एक तोड काढण्यात आली आहे. दर वेळी ते वापरले की जुने बाद होते आणि नवे हाती येते. बाद झालेले टोकन पुन्हा कोणी आणले, तर ते दोघांच्या हाती आहे, म्हणजे दोघांपैकी एक चोर आहे, असे समजून त्या साखळीतील सारीच टोकने रद्द केली जातात. ज्या उपयोजनांना गुपित राखता येत नाही, उदाहरणार्थ संपूर्णपणे ब्राउझरमध्येच चालणारी पाने, त्यांच्यासाठी ही फिरती पद्धत, अथवा टोकन एकाच यंत्राशी बांधून टाकणारी पद्धत, जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओऑथच्या सुरक्षा-मार्गदर्शनात आवश्यक मानलेली आहे. मार्गदर्शन योग्यच आहे. पण ते आपल्या परिस्थितीत उतरविताना तारतम्य लागते.

पावसाळ्यातील एखाद्या दुपारची कल्पना करावी. जाळ्याची जोडणी येते, जाते. ब्राउझरने नूतनीकरणाची विनंती पाठविली, ती पोहोचली, सर्व्हरने जुने टोकन बाद करून नवे पाठविले, आणि ते परत येत असतानाच जोडणी तुटली. ब्राउझरच्या हाती अजून जुनेच टोकन. जोडणी पूर्ववत होताच तो प्रामाणिकपणे तेच पुन्हा सादर करतो आणि सर्व्हर त्याला चोर ठरवून बाहेर काढतो. गुन्हा कोणाचाच नाही, गेला असेल तर अर्जदाराचा अर्धा दिवस गेला. यासाठी काही सेवा जुन्या टोकनाला थोड्या सेकंदांची सवलत ठेवतात. तेवढ्या अवधीत ते पुन्हा आले तर चोरी समजत नाहीत. जेथे जोडणी भरवशाची नाही तेथे ही सवलत मागून घ्यावी.

असाच घोटाळा जोडणी उत्तम असतानाही होतो. एका पानावर नकाशा आहे, यादी आहे, तक्ता आहे; तिघांनाही एकाच क्षणी कळते की टोकन मेले, आणि तिघेही तेच नूतनीकरण-टोकन घेऊन धावतात. पहिल्याला नवे मिळते, दुसरा चोर ठरतो. लिपिकाने तेच संकेतस्थळ दोन खिडक्यांत उघडून ठेवले असेल, आणि तो ठेवतोच, तरीही हेच घडते. उपाय असा, की नूतनीकरणास एकानेच जावे, बाकीच्यांनी थांबावे, आणि आलेले टोकन सर्वांनी वापरावे. तसेच सर्व्हरने टोकन नाकारले तर एकदाच नूतनीकरण करून विनंती एकदाच पुन्हा पाठवावी. तरीही नकार आला तर थांबावे. न थांबणारी पाने रात्रभर सर्व्हरचे दार ठोठावीत बसतात.

नूतनीकरण केव्हा करावे, याचे उत्तर सोपे आहे : मुदत संपण्याच्या थोडे आधी, तासाची मुदत असेल तर पाच मिनिटे राहिली असता. मात्र केवळ गजर लावून भागत नाही. लिपिक जेवायला जाताना संगणक निजतो, आणि संगणकाबरोबर गजरही निजतो. मागच्या खिडकीत पडलेल्या पानाचे गजर ब्राउझर मुद्दाम मंद करतो. म्हणून पान पुन्हा डोळ्यांसमोर आले की प्रथम टोकनाचे वय पाहावे, मग कामास लागावे. घड्याळाचाही प्रश्न आहे. जुन्या संगणकातील लहान बॅटरी मेलेली असली की त्याचे घड्याळ भलतीच वेळ, कधी भलतेच वर्षही दाखविते. ते मागे असेल, तर टोकन मेले असूनही जिवंत वाटते; पुढे असेल, तर हाती पडताच मेलेले वाटते. कर्बेरोसमध्ये दोन घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेण्याची वहिवाट आहे. त्यापुढे यंत्र दुरुस्त करणेच योग्य. आणि ती बॅटरी काही फार महाग नसते.

इतके सारे करूनही कधी ना कधी दूरची मुदत संपणारच. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पानांचे नूतनीकरण-टोकन चोवीस तासांनी मरते. तेथे पुन्हा ओळख द्यावीच लागते. त्या वेळी भरलेल्या अर्जाचे काय व्हावे, हा प्रश्न माणसाच्या बाजूचा आहे आणि त्याचे उत्तर कागदोपत्री अगोदरच दिलेले आहे. महाजालावरील मजकूर अपंग व्यक्तींनाही वापरता यावा यासाठी डिसेंबर २००८ मध्ये ठरविलेल्या जागतिक मार्गदर्शिकेत अगदी प्राथमिक पातळीवरच अशी अपेक्षा आहे, की एखाद्या कामाला वेळेची मर्यादा असेल, तर ती संपण्यापूर्वी माणसाला सूचना मिळावी आणि एखादे साधे बटण दाबून ती वाढविण्यास त्याला निदान वीस सेकंद मिळावेत. वरच्या पातळीवर आणखी एक अपेक्षा आहे : पुन्हा ओळख द्यावी लागली, तरी भरलेली माहिती नष्ट होता कामा नये. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची आवृत्ती याच जागतिक मार्गदर्शिकेला धरून आहे. यांपैकी सूचनेची अट मधल्या पातळीपर्यंत बांधून घेणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला लागू होते. माहिती न गमावण्याची अट उच्चतम पातळीची असल्याने ती बहुधा कोणी मागत नाही. निविदेत ती मागण्यास कोणाचीच हरकत नसते. एका ओळीचे कलम आहे. डोळ्यांनी अधू असलेला, एका हाताने टंकलेखन करणारा, अथवा केवळ नवखा असा शिक्षक जेव्हा शाळेची वार्षिक माहिती भरायला बसतो, तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळते.

राहिला प्रश्न, खात्याच्या अधिकाऱ्याने हे सारे तपासावे कसे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कंत्राटदाराचा मनुष्य येतो, वीस मिनिटांत सर्व पाने दाखवितो, आणि तासाभराची मुदत त्या वीस मिनिटांत कधीच संपत नाही. म्हणून दोष त्या दिवशी दिसत नाही. त्याला सांगावे, की चाचणीपुरती प्रवेश-टोकनाची मुदत दोन मिनिटांवर आणा. मग लांबात लांब अर्ज उघडावा आणि तो तंत्रज्ञाने नव्हे, रोज खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाने भरावा. मध्येच संगणकाचे झाकण मिटून चहा घेऊन यावे. तेच पान दुसऱ्या खिडकीत उघडावे. घड्याळ दहा मिनिटे पुढे करून पाहावे. नूतनीकरण होत असतानाच जाळ्याची तार काढावी व अर्ध्या मिनिटाने लावावी. हेच सर्व सफारीवर पुन्हा करावे. शेवटी 'बाहेर पडा' हे बटण दाबून, परतीची कळ वापरून मागचे पान उघडते का ते पाहावे, आणि बाहेर पडण्यापूर्वी नोंदवून ठेवलेले नूतनीकरण-टोकन सर्व्हर अजून स्वीकारतो का, हे तंत्रज्ञाकडून समक्ष करवून घ्यावे. एवढ्याला एक दुपार लागते. काम स्वीकारल्याच्या दाखल्यावर सही त्यानंतर करावी.